उतार दाराकडे

ता. ४ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मधला नमस्कार तेवढा घे. विनंती नाही, तक्रारच आहे. तुझा उपाय माझ्यावर चालत नाही हे दोनदा लिहिलं, तरी तू पुन्हा तेच. छातीवर हात ठेव, सावकाश श्वास घे, मित्राशी बोलतोस तसं स्वतःशी बोल. अगं, तुझ्याकडचे पेशंट खुर्चीत एकेकटे बसतात. आम्ही बांधकामावरचे चौघं एका खोलीत राहतो. परवा छातीवर हात ठेवून डोळे मिटले, तर आमच्या रंगाऱ्याला वाटलं माझं हृदय बंद पडलं. त्याने मला आडवं केलं, वायरमनने तोंडावर तांब्याभर पाणी मारलं, सुतार तळपाय चोळत बसला. मी बरा आहे म्हणालो, तर मरणारा असंच म्हणतो म्हणे.

मित्राशी बोलतो तसं बोललोही. अरे गाढवा, डोळे भाड्याने दिले होतेस का, असं स्वतःला विचारलं. आम्ही मित्रांशी असंच बोलतो.

आता खरं कारण. तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराची फरशी मी बसवली, पहिल्यांदाच एकट्याने. रेघा सरळ, सांधे बारीक, बघत राहावी अशी. काल हौसेने बादलीभर पाणी ओतलं, तर ते जाळीकडे ढुंकूनही न बघता दाराबाहेर पडलं आणि झोपायच्या खोलीत शिरलं. उतार उलटा दिलाय, ताई. मी पाणी पुसून टाकलं, मुकादमाला अजून माहीत नाही. महिनाअखेर घरमालक राहायला येईल, त्याआधी मी सटकणार. बेकरी झाली, टायरचं दुकान झालं, गोदाम झालं, तसं हे. पिशवी भरून ठेवलीय. आईला बोलू नकोस.

लोभ असू दे, उपदेश आवर.

तुझा,
भिंगरी

ता. ११ जून

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. तुझं पत्र दोन पेशंटच्या मधल्या दहा मिनिटांत वाचलं आणि इतकी हसले, की बाहेर बसलेल्या बाईंनी दार ढकलून मला बरं आहे ना विचारलं. मानसोपचारवालीला पेशंटने पाणी आणून दिलं, हेही झालं.

सध्या दिवस कठीण आहेत. कुणाचा कारखाना बंद झालाय, कुणाची परीक्षा बुडालीय, कुणाचं घर मोडलंय. दुःख प्रत्येकाचं वेगळं, पण स्वतःला घालायच्या शिव्या सगळ्यांच्या सारख्याच. परक्याला जे बोलायला जीभ धजणार नाही, ते स्वतःला दिवसभर ऐकवतात. मी त्यातून सुटले आहे असं समजू नकोस. मंगळवारी मी दोघांना एकच वेळ दिली. दोघंही आले, दारात एकमेकांना आधी तुम्ही म्हणत उभे. त्या दिवशी स्वतःला इतकं झोडपलं, की संध्याकाळी आईवर ओरडले. आई म्हणाली, लोकांना तासभर समजावतेस, स्वतःला दोन मिनिटं समजाव आणि मग ही भाजी निवडायला बस.

तेव्हा शिवी आली तर येऊ दे. त्याच्या पुढचं वाक्य तेवढं बदल. कारण शिव्या खाल्लेला माणूस पळतो, हे तुझ्याएवढं कुणाला ठाऊक? टायरच्या दुकानातून निघालास, त्यानंतर सात महिने तुझा पत्ता नव्हता. पाठवायला पैसे नाहीत म्हणून पत्रही नाही. आई रोज फाटकापर्यंत जाऊन यायची. कुणी विचारलं तर पाय मोकळे करते म्हणायची. पुन्हा तसं नको रे. मुकादमांना स्वतः सांग. मग जायचंच असेल तर कळवून जा.

तुझी,
ताई
(उपदेश आवरला आहे. मोजून बघ.)

ता. १७ जून

ती. ताईस,

नमस्कार. तुझं ऐकलं आणि तोंडावर आपटलो. सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःला माफ केलं, अगदी मनापासून. अंग हलकं झालं. त्याच झोकात मुकादमाकडे गेलो आणि सांगितलं की उतार उलटा झालाय, पण काळजी नको, मी स्वतःला माफ केलंय.

मुकादम म्हणाला, तू केलंस ते झकास झालं, आता पाण्याने केलंय का ते विचारून ये. खालपासून वरपर्यंत सगळे खिदळले. रंगारी तर भिंतीवर ओघळ आला की हात जोडून स्वतःला माफ करतो आणि ब्रश खाली ठेवतो.

शिक्षा अशी, की सगळी फरशी उखडायची, नवी मीच बसवायची, तीही सुट्टीच्या दिवशी, आणि फरशीचे पैसे माझ्या पगारातून. दोन दिवस झाले, कालची सुट्टीही गेली, छिन्नीला हात लावलेला नाही. उद्या सहाला गाडी आहे. तुझं पत्र तोवर येणार नाही, म्हणून तू काय लिहिशील ते मीच मनात म्हणून बघतोय. राग त्याचाच येतोय, की मला ते पाठ झालंय.

रागावू नकोस.

भिंगरी

ता. २३ जून

हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांस,

स. न. वि. वि. भिंगरी, तू असशील तर हे तुला. माफ करून झालं की काम संपलं, असं मीही बरीच वर्षं समजत होते. त्याने फक्त छिन्नी उचलण्यापुरती ताकद येते. फरशी काही आपोआप निघत नाही.

आणि मुकादम, आपण असाल तर हे आपणांस. तो गेला असेल तर कुठल्या गाडीने गेला, तेवढं कृपा करून कळवावं. मुलगा वाईट नाही. त्याला चुकीपेक्षा चुकीनंतरच्या दिवसाची भीती जास्त वाटते. आई पुन्हा फाटकापर्यंत जायला लागली आहे. हल्ली मीही तिच्याबरोबर जाते. दोघी पाय मोकळे करतो.

कळावे, आणि लवकर कळावे.

भिंगरीची ताई

ता. ४ जुलै

ती. ताईस,

सा. न. पत्र मला मिळालं, पण तिसऱ्या हाताने. वर नाव नाही म्हणून मुकादमाने फोडलं. चष्मा नव्हता म्हणून रंगाऱ्याकडून वाचून घेतलं, आणि रंगारी हळू आवाजात वाचायला शिकलेलाच नाही. आता सगळ्यांना आपलं फाटक माहीत आहे. मुकादम मात्र खूश आहे. तीस वर्षांत त्याला कुणी आपण म्हटलं नव्हतं.

गाडीत मी बसलो होतो, ताई. खिडकीपाशी जागाही मिळाली होती. स्वतःला गाढव म्हणून झालं, मग म्हटलं बघू पुढचं वाक्य बदलून. फार काही सुचलं नाही. उतर, एवढंच सुचलं. कंडक्टरने तिकिटाचे पैसे परत दिले नाहीत.

दोन सुट्ट्या उखडण्यात आणि बसवण्यात गेल्या. मुकादम उपड्या घमेल्यावर बसून होता. हात लावला नाही, पण उठलाही नाही. माझ्या वयाचा असताना त्याने चार भिंती बांधल्या आणि दार ठेवायला विसरला, स्वतः आतच. हे त्याने आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही, तेव्हा तू विसर. शेवटी बादली ओतली. सगळे दारात दाटीने उभे. पाणी मध्यावर जरा थबकलं, माझा जीव गेला, मग वळून जाळीत उतरलं. रंगाऱ्याने पाण्याला टाळ्या वाजवल्या. घरमालक परवा राहायला आला, त्याला यातलं काही माहीत नाही.

फरशीचे पैसे कापून पगार हातात आला, तेव्हा जुनी खोड उठली. एवढंसं काय पाठवायचं, पुढच्या महिन्यात एकदम पाठवू, पत्रही तेव्हाच लिहू. दोन दिवस तसाच बसलो. आज लिहायला घेतलं. आईला सांग, मी आहे तिथेच आहे. तुम्हा दोघींची माया आहे तेवढी पुरते.

तुझा,
भिंगरी

सोबत तीनशे चाळीस.