पुसलेला हात

महाल, नागपूर
राखीपौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस

तीर्थरूप रुपराव भाऊजी यांस,

महालातून कृष्णकांतचा वाकून नमस्कार. (इथून दिसत नाही, पण खरंच वाकलो होतो. कंबर धरली, मग आमच्या सौ. कौशल्याने हात देऊन उठवलं.) आम्ही सारे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? साखर तपासून घेतली का? खिशात मोबाइल असताना हा पत्र काहून लिहून राहिला, असं तुम्हाला वाटेल. तर परवा ताईची राखी पोस्टाने आली. खापरखेड्याहून महालात, भाऊजी! बसने तासाभराची वाट. पाकिटात राखी, कुंकवाची पुडी, चार अक्षता, आणि चिठ्ठी म्हणाल तर एक ओळसुद्धा नाही. मी फोन केला की ती "घ्या, तुमचा आहे" म्हणून तुमच्या हातात देते आणि तुम्ही मला पाऊसपाणी विचारता. म्हणून राखी ज्या वाटेने आली त्याच वाटेने माझं उत्तर पाठवतो आहे. ताई का बोलत नाही असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी "बहीण-भावाचं काहीतरी" असं मोघम सांगितलं होतं. काहीतरी नाही. सगळा गुन्हा माझा आहे, आणि तो नीट पहिल्यापासून सांगतो.

मे महिन्यात माझ्या भाचीच्या, गुंजनच्या बाळाचे फोटो काढायला मी तुमच्या क्वार्टरवर आलो, तेव्हा तुम्ही पहिल्या पाळीला गेला होता. बाळ अकरा दिवसांचं. बावीस वर्षं लग्नांचे फोटो काढलेला माणूस मी, मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. एक वाजता इकडे एका नवरीच्या हळदीचं काम घेतलेलं होतं. अभ्यास मात्र करून आलो होतो बरं का. मोबाइलवर एका बाईचे सगळे व्हिडिओ पाहिले होते. नखं कापा, अंगठी-घड्याळ काढा, बाळाचं पोट भरलेलं असू द्या, झगझगीत लाइट डोळ्यांवर मारू नका, खोली उबदार ठेवा (मे महिन्यात खापरखेड्यात ही एक गोष्ट आपोआप झालेली होती), आणि धीर धरा. हे सगळं मी वहीत उतरवलं होतं, शेवटचं सोडून.

येताना संत्र्याची टोपली आणली होती, आत मऊ गोधडी घालून. ताईने आधी गोधडी बाहेर काढली, टोपलीत सगळीकडून तळहात फिरवला आणि बोटभर लांब कामटी उपसून माझ्यापुढे धरली. मग बाळ आलं आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मान वर, जरा हसा." ताई म्हणाली, "त्याची मान अजून धरली नाही गा, अन् तू वर कर म्हणून राहिला!" दहा वाजता बाळ रडलं. साडेदहाला त्याने माझ्या नव्या शर्टावर आपलं मत नोंदवलं. अकराला मी त्याचं कोपर हळूच दुमडायला गेलो तर ताईने माझ्या हातावर चापट मारली. "मडकं होय का थे? त्याले जवा झोप येईन तवा येईन. तुले घाई असन तर तू जाय." मी भिंतीला टेकून बसलो आणि (हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही) मीच झोपलो.

उठलो तेव्हा सव्वाबारा झाले होते आणि बाळ शांत झोपलेलं होतं. ताई तशीच फरशीवर, दुखऱ्या कंबरेने टोपलीशी वाकून बसलेली. एक हात बाळाच्या हनुवटीखाली, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या मुठीत. तो हात तिने तिथून काढायचाच नसतो, भाऊजी. इतक्या लहान जिवाला टोपलीत एकटं ठेवतच नाहीत. आधाराचा हात धरून फोटो काढायचा आणि मग कॉम्प्युटरवर तो हात पुसून टाकायचा, म्हणजे बाळ आपलंआपणच हनुवटी टेकून झोपलंय असं दिसतं. हे मी ताईला आधी सांगितलं होतं. ती "बरं" म्हणाली होती. हळद चुकली, नवरीच्या भावाच्या शिव्या खाल्ल्या, पण फोटो असा आला की मी आठ दिवस रोज तो उघडून पाहत होतो. हात पुसला. बोटही पुसलं. मूठ तेवढी अर्धवट उघडी राहिली.

आता बारशाचं. धरमपेठेत गुंजनच्या सासरी तो मोठा फ्रेम केलेला फोटो मी सगळ्यांसमोर उघडला, तेव्हा तुम्ही बाहेर मंडपात पंगतीकडे होता. आत वाहवा झाली. मी फुगलो. तुमच्या विहीणबाई वच्छलाबाई म्हणाल्या, "अगंबाई, एवढुसं लेकरू एकटं कसं ठेवलं हो टोपलीत? आजी कुठी होती तवा?" तिथे मी एवढंच म्हणायचं होतं, की आजीच धरून बसली होती, तीन तास. पण मी म्हणालो, "कोणाचा हात लागू दिला नाही मी. सारी कॅमेऱ्याची करामत." कोणीतरी विचारलं, मुठीत काय धरलंय? मी म्हणालो, "नशीब." सगळे हसले. ताई पाळण्याशी उभी होती. तिने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा आपल्या हाताकडे, आणि हळूच मला म्हणाली, "फोटोतून पुसला थे ठीक हाय गा. पण तोंडानं काहून पुसला?" आणि स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून माझ्याशी शब्द नाही.

मला फार लाज वाटते, भाऊजी. चार लोकांची वाहवा घ्यायला मी माझ्या बहिणीला तिच्याच नातवाजवळून उठवून लावलं. मी लहान असताना आई वावरात जायची आणि मी ताईच्या कडेवर असायचो, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या वेळी माझा फोटो कुणी काढला नाही हे बरंच झालं. कुणीतरी माझ्यासारख्याने तिला तेव्हाही पुसलं असतं.

परवा धरमपेठेत जाऊन वच्छलाबाईंना सगळं खरं सांगून आलो. त्यांनी चहा दिला, साखर न घालता. (मुद्दाम की विसरल्या, कळलं नाही. मी पिऊन टाकला.) फ्रेममधला फोटो बदलला. हात न पुसलेला लावला. त्यात ताईच्या बांगड्या आल्यात, तव्याने भाजल्याचा डाग आलाय, आणि मूठ भरलेली दिसते.

ताईला नमस्कार सांगा, म्हणजे ती ऐकत असेल तर.

तुमचा,
कृष्णकांत

ता. क. हे पत्र तुम्ही मनात वाचू नये. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून मोठ्याने वाचावं. पत्र तुमच्या नावाचं आहे ते केवळ पाकिटापुरतं.

ता. क. दोन. पुढच्या गुरुवारी आणखी एका बाळाचे फोटो आहेत, नऊ दिवसांचं आहे. मी त्यांना सांगून ठेवलंय की माझी बहीण सोबत येते. ती येणार नसेल तर मला नाही म्हणावं लागेल, कारण धीर मला अजूनही धरता येत नाही.

ता. क. तीन. गुरुवारचं काम खरं आहे, पण ते मी आधी लिहिलं, नुसती राखीची गोष्ट काढायला लाज वाटली म्हणून. राखी अजून पाकिटातच आहे. कौशल्या बांधते म्हणाली, मी नको म्हणालो. मग स्वतःच एका हाताने, दातात दोरा धरून बांधून पाहिली. नाही बांधता येत, ताई.