आपत्ती नाही

बाई, तुम्ही असत्या तर आज बस धरून सौंसरला आले असते आणि तुमच्या स्वयंपाकघरात बसून हे सगळं सांगितलं असतं. तुम्ही नाही, म्हणून लिहून राहिले. 'लिहून राहिले' असं लिहायचं नसतं, 'लिहीत आहे' लिहायचं, हे मला माहीत आहे. आजच्या दिवस राहू द्या.

तुमच्या शाळेत मी सहावीत. मराठीत कच्च्या असलेल्या आम्हा दोघी-तिघींना तुम्ही सुटी झाल्यावर घरी बोलवायच्या, चुलीपाशी बसवायच्या, भाकरी थापता थापता एकेक शब्द द्यायच्या आणि वाक्य करायला लावायच्या. त्या दिवशी शब्द होता 'आपत्ती'. मी लिहिलं, 'मामाच्या गावाला जायला मला आपत्ती नाही.' तुमचा हात परातीतच थांबला. "अव पोरी, आपत्ती म्हणजे संकट. पूर, आग, रोगराई. तिला घरात यायची परवानगी कोण देते?" मी हट्टानं म्हटलं, हिंदीच्या गुरुजींनी तर आपत्ती म्हणजे हरकत असं सांगितलं आहे. तुम्ही म्हणालात, दोन्ही भाषा आपल्या घरच्याच, पण एकीचं लुगडं दुसरीला नेसवलं की दोघीही उघड्या पडतात. तोवर तव्यावरची भाकर करपली. तीच तुम्ही मला ठेचा लावून खायला दिली, आणि शिक्षा होती की लाड, ते मला अजून कळलेलं नाही.

आता पांढुर्णा जिल्हा झाला आहे, बाई. मी इथं एका सरकारी हापिसात बाबू आहे, कामकाज सगळं हिंदीत. गाव मोठं होणार, रस्ते रुंद होणार, पुढच्या काळासाठी नकाशा बनून राहिला आहे. आमचे साहेब बाहेरचे, पण माणूस वाईट नाही. लोकांना विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सभा ठेवली, ती नेमकी आमच्याच मोहल्ल्यात, विहारात. नकाशा मी आधीच टेबलावर पाहिला होता. लाल रेघ विहाराच्या पटांगणातून निघते आणि आमच्या ओळीतल्या घरांच्या पुढच्या खोल्या कापत जाते. माझीही खोली त्यात आहे. घरी नवरा म्हणाला, तू गप राह्य, तुझ्या पगारावर चूल पेटते. शेजारची मावशी म्हणाली, तू हापिसात आहेस न व, मंग आम्हाला कायची काळजी? इकडे आड, तिकडे विहीर. मी दोघांनाही हो म्हटलं.

सभेत साहेबांनी नकाशा समजावला आणि विचारलं, "किसी को कोई आपत्ति है?" मावशीनंच हात जोडले. माझी लेकरं न्हाऊमाखू घालून तिनं मोठी केली, तीच ही मावशी. म्हणाली, "नाही साहेब, आपत्ती काही नाही. सगळे सुखी आहो." बाकीच्या बायांनीही माना डोलावल्या. साहेब खूश. मला म्हणाले, लिहून घ्या, कोणाची आपत्ती नाही. बाई, मला हसू आलं आणि त्याच क्षणी ती लाल रेघही आठवली. मी साहेबांना हळूच सांगितलं, की बायांनी हा शब्द संकट म्हणून घेतला आहे. तर म्हणतात, तुम्हीच तुमच्या भाषेत समजावून सांगा.

उभी राहिले. सांगितलं, की साहेब संकटाचं नाही विचारत, ह्या रस्त्याला तुमची हरकत आहे काय, असं विचारून राहिले. पटांगण जाईल, पुढच्या खोल्या जातील. मावशीनं नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुह्याही खोलीवरून चालला न व? तुही हरकत आहे काय?"

आता सगळा विहार माझ्याकडे पाहून राहिला होता, साहेबही. नाही म्हणावं, तर माझ्यामागं सगळेच नाही म्हणतील. हो म्हणावं, तर उद्या हापिसात बोलतील, हिनंच स्वतःच्या घरासाठी लोक भडकवले.

"आहे," मी म्हटलं. "आमची हरकत आहे."

मग एकेक हात वर होत गेला. मागून कोणी म्हणालं, रस्ता नाल्याच्या कडेनं न्या, तिकडे जागा पडीक आहे. मलाही ते सुचलं नव्हतं. साहेब माझ्याकडे वळले, क्या कह रहे हैं ये लोग? आणि मी उत्तर दिलं, "सर, इनकी आपत्ति है."

मावशीचा जन्म स्टेशनवर संत्री विकण्यात गेला. 'आपत्ति'सारखे हापिसातले शब्द सोडले, तर प्रवाशांशी भाव करून करून तिची बोलीची हिंदी माझ्याहून पक्की आहे. माझं उत्तर तिनं नीट ऐकलं होतं. बाहेर चप्पल पायात सरकवताना म्हणाली, "मराठीत त आमची होती व. हिंदीत इनकी काऊन झाली?"

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला खूप लाज वाटली, बाई. अजून वाटून राहिली आहे.

साहेबांनी नाल्याची गोष्ट लिहून घेतली आहे. पण ज्याची त्याची हरकत नावानिशी लेखी पाहिजे, हिंदीत. मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्या मी लिहून दिल्या, प्रत्येकीच्या कागदावर 'मेरी आपत्ति' असं स्वच्छ अक्षरात. सकाळी मावशी अंगठा लावायला येणार आहे आणि 'तुहा कागद कुठं आहे व?' असं मला विचारणार आहे. माझ्यासाठी एक कोरा कागद ठेवला होता. त्याच्याच दोन्ही बाजू हे तुम्हाला लिहिण्यात भरल्या.