फ्लाम कोबीचे मूळ बी

मी ग्रीत फ्लाम, वय अठ्ठावन्न, अविवाहित, राहणार आन्दाइक, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय थकले आहे, डोके नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. आमच्या पाटीवर ‘फ्लाम आणि पुत्र, बियाणे व भाजीपाला’ असे लिहिले आहे. पुत्र म्हणजे माझा भाऊ याकोब. तो कोबीचे गड्डे होडीने लिलावाला नेई. बी मात्र मी राखले, म्हणजे मूळ बी, ज्यातून दरवर्षीचे विकायचे बी तयार होते. वखार आणि होड्या याकोबला. पाटीही त्यालाच, तिच्यावर माझे नाव कधी नव्हतेच.

२. वडिलांनी १८९६ साली मृत्युपत्रात अट घातली: ग्रीत या घरात राहिली तर घर आणि मूळ बी कायमचे तिचे, सोडून गेली तर सारे याकोबचे. त्या वसंतात जहाजावरचा सुतार हार्मेन मला कॅनडाला चल म्हणत होता. वडील अंथरुणातून म्हणाले, “तू गेलीस तर बी मरेल, पोरी.” मी राहिले. एकतीस उन्हाळे, आमचा कोबी फुलला की संकर होऊ नये म्हणून, लोकांच्या परसांतला फुललेला कोबी उपटत फिरले. शेजारची लाइसबेत अजून माझ्याशी बोलत नाही. तिचे बरोबर आहे. माझा चांगला विळा तिला द्यावा.

३. याकोबची मुलगी आफ्ये सहा वर्षे माझ्या हाताखाली आहे. जानेवारीत तिला रॉटरडॅमच्या इस्पितळातून परिचारिकेच्या शिक्षणाचे बोलावणे आले. “आत्या, जाऊ का गं?” तिने विचारले. माझ्या तोंडून वडिलांचेच वाक्य निघाले, शब्दही न बदलता. तिने पत्राची घडी घातली आणि बी चाळायला बसली. तेव्हापासून मला तिच्याकडे बघवत नाही.

याकोब म्हणतो, “तूही अट घाल. नाहीतर पोरगी पळेल.”

“पळावी म्हणूनच घालत नाही,” मी म्हणाले.

४. घर आफ्येला, विनाअट. विकले तरी माझी हरकत नाही.

५. मूळ बी कोणालाही ठेवलेले नाही. काल मी त्या बियाची बरणी उघडून गावातल्या बावीस बागायतदारांना मूठमूठ वाटले. याकोब ओरडला, “बापाचं नाव बुडवलंस!” कदाचित बुडवले असेल. पण बरणी रिकामी होईतो मी थांबले नाही.

६. हे कलम कायद्याचे नाही. आफ्ये, माझ्या मरणाची वाट बघू नकोस. डॉक्टर म्हणतात, मी अजून दोन वर्षेही काढीन. इस्पितळ तितके थांबणार नाही. गावातल्या पेरणीच्या आधी नीघ. एकदा रोप वर आले की तुझा पाय निघणार नाही.

साक्षीदार: डर्क राउटर, पोस्टमास्तर, ट्राइन कोस्टर, सुईण. दोघांनी हे माझ्यासमोर वाचले.

सही: ग्रीत फ्लाम
आन्दाइक, ९ फेब्रुवारी १९२७