चपलांचं कपाट

प्रिय ताई,

आधी एवढं वाच, की शेठ जिवंत आहे. आत्ता हॉलमध्ये माझ्या खुर्चीशेजारी गादीवर पडून आहे आणि श्वास नीट चालू आहे. आता पुढचं वाच, आणि मग हवं तर माझं तोंडही बघू नकोस. परवा दुपारी तो मागच्या पायऱ्यांवरून पडला. माझ्यामुळे पडला. आणि परवापासून फोनवर मी तुला जे जे सांगितलं, जेवला, फिरून आला, ऊन खात बसलाय, ते सगळं खोटं होतं. खरं सांगायला तीनदा तोंड उघडलं गं, पण तुझा आवाज आला की माझी जीभ आपोआप 'सगळं मस्त' म्हणून मोकळी होते. म्हणून कागद घेतलाय. पानांचे फोटो काढून तुझ्या लेकाच्या मोबाइलवर पाठवते, तो मोठे करून दाखवेल. अक्षर लागत नसेल तर त्यालाच वाचायला सांग.

तू जायला तयारच नव्हतीस. भाऊजी गेल्यापासून तू या घराचा उंबरा सोडून एक रात्र बाहेर राहिली नव्हतीस, आणि लेक बिचारा दर महिन्याला बोलावून थकला होता. मीच मागे लागले. म्हटलं, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, मी येऊन राहते, घर बघते, तुझ्या त्या म्हाताऱ्या कुत्र्याची, शेठची, बडदास्त ठेवते. तू निघताना दोन पानी यादी हातात दिलीस. गोळी भातात लपवायची. पाण्याचं भांडं आहे तिथेच भरायचं. मागच्या अंगणात न्यायची गरज नाही, दार उघडं ठेवलं की तो आपला आपण जातो. आणि अगदी खाली, दोन वेळा अधोरेखित करून, 'घरातलं काहीही जागचं हलवू नकोस.' कारण काहीच लिहिलं नव्हतंस. खरं सांगू? मला ते झोंबलं. म्हटलं, हे शेठसाठी नाही, हे माझ्यासाठी आहे. सात वर्षं झाली तरी ताईने मनातून काढलेलं नाही.

भाऊजींच्या कपड्यांबद्दल आपण कधीच बोललो नाही. ते जाऊन महिनाही झाला नव्हता. तू आंघोळीला गेलीस आणि मी त्यांचं कपाट उघडून चार पिशव्या भरल्या आणि रिक्षाने आश्रमात पोचवूनही आले. डोळ्यांसमोर नको, तुला त्रास नको, एवढंच डोक्यात होतं. तू येऊन त्या रिकाम्या कपाटाचं दार उघडलंस, लावलंस, पुन्हा उघडलंस. मग म्हणालीस, 'बरं केलंस.' आणि मी इतकी शहाणी, की ते मला खरंच वाटलं. पुढे कितीतरी जणींना मी फुशारकीने सांगितलं की ताईचं काही नाही गं, मी होते म्हणून पटकन सावरली. निदान एक शर्ट तरी ठेवते की नाही बाई माणूस! पण नाही. मला अर्धवट आवरलेलं बघवत नाही ना.

तर पहिला आठवडा मी अगदी गुणी पाहुण्यासारखी राहिले. दुसऱ्याच्या घरात कसं वागावं हे मी चार जणींना शिकवते, तुला माहीतच आहे. आपलं पांघरूण आपण आणावं, वापरलं ते भरून ठेवावं, बंद कपाटाला हात लावू नये. पण दुसऱ्या आठवड्यात माझे हात शिवशिवायला लागले. आधी फ्रिज पुसला. मग डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, 'साखर', 'मीठ', जणू तुला चाळीस वर्षं पत्ताच नव्हता कशात काय आहे. मग वाटलं, ही नेहमी म्हणते हॉलमध्ये उजेड येत नाही, तर परत येईल तेव्हा तिला असं घर दाखवू की दारातच थबकली पाहिजे. शेजारच्या सुतारकाकांना बोलावलं. दिवाण खिडकीखाली घेतला, जेवणाचं टेबल भिंतीला लावलं. आणि मागच्या पायऱ्यांच्या तोंडाशी ते चपलांचं लाकडी कपाट होतं ना, ते उचलून पुढच्या दाराशी नेलं. चपला कुणी मागच्या दाराशी ठेवतं का, म्हणून मी तुला मनातल्या मनात नावंही ठेवली. कपाटाच्या एका कडेला, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, काळपट तेलकट डाग होता. बराच जुना. साबणाचं पाणी घेऊन मी तो घासून घासून काढला. सुतारकाका म्हणालेसुद्धा, ताईंना विचारलंत का? मी म्हटलं, विचारून का कुणी सरप्राइज देतं!

त्या वेळी शेठ माझ्या खोलीत पलंगाखाली झोपला होता. उठला, हॉलमध्ये आला आणि थेट टेबलाच्या पायावर आदळला. मला हसू आलं, ताई. मी म्हटलं, काय शेठ, झोप उडाली नाही वाटतं अजून. तो जरा वेळ तसाच उभा राहिला, मग भिंतीला अंग घासत मागच्या दाराकडे निघाला. मी पडदे लावत होते. तो चालता चालता मान उजवीकडे कलती करून काहीतरी शोधत होता, हे मी पाहिलं. पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे वळले. तो थांबलाच नाही. पाचही पायऱ्या सोडून खाली फरशीवर पडला. त्याचा तो आवाज मी तुला कागदावर सांगू शकत नाही.

सुतारकाकांच्या टेम्पोतून त्याला त्याच्या नेहमीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांवर बॅटरी मारली आणि मला विचारलं, घरातलं काही हलवलंत का? मला वाटलं यांना कुठून कळलं. ते म्हणाले, अहो, याला दीड वर्ष झालं काहीच दिसत नाही. सगळं घर त्याला पाठ आहे, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या कपाटाला खांदा घासला की पुढे पायरी, हे त्याचं त्याने बसवलेलं गणित होतं. आणि तो डाग दुसरा कसला असणार? रोज दोन-चार वेळा, दीड वर्ष, त्याच्या खांद्याचा. मी तोही पुसून टाकला.

तू मला का सांगितलं नाहीस, हे विचारायला मी तावातावाने फोन हातात घेतला होता. मग आठवलं आणि खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस की शेठच्या डोळ्यांत पांढरं दिसतंय, तेव्हा मीच म्हटलं होतं, आता किती दिवस ओढायचं त्या जिवाला, एक इंजेक्शन द्यावं आणि सुटावं दोघांनी. जेवता जेवता म्हटलं होतं. तू पान तसंच ठेवून उठलीस. त्यानंतर शेठच्या तब्येतीचं विचारलं की तू 'छान आहे' एवढंच म्हणायचीस. भाऊजींनी हातात घेऊन आणलेलं पिल्लू, त्यांच्या मागे तुझ्याशी रोज उठून खेळणारं घरातलं एकुलतं एक जिवंत माणूस म्हण हवं तर, आणि त्याचं आंधळेपण तुला सख्ख्या बहिणीपासून लपवावं लागलं. कारण बहीण येऊन आवरून टाकेल. तुझी भीती काही खोटी नव्हती.

आणि काल संध्याकाळचा तो व्हिडिओ कॉल. तू म्हणालीस शेठला दाखव. मी त्याच्या अंगावर चादर ओढून नुसतं तोंड दाखवलं. तू हाक मारलीस तसे त्याचे कान उभे राहिले, आणि तो उठायला गेला. कमरेखालचं काही हलेना. तो कळवळला आणि मी रेंज गेली म्हणून फोन कापला. रेंज चांगली होती, ताई. तेवढं माझ्याने ऐकवलं नाही. तुला वाचवायला नाही, मला स्वतःला वाचवायला फोन कापला. काल सकाळीच सुतारकाकांना घेऊन सगळं सामान परत जागेवर लावलं होतं, फरशीवरच्या खुणा बघून बघून. पण आता चालणार कोण?

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. कमरेचं हाड मोडलंय आणि मणक्यालाही मार आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन होईल, पण चौदा वर्षांचं शरीर भूल सोसेल याची खात्री नाही, आणि सोसलीच तरी तो पुन्हा चालेल असं ते सांगू शकत नाहीत. नाहीतर इंजेक्शन देऊन कायमचं झोपवून टाकायचं. दुखणं थांबवायची इंजेक्शनं ते शनिवार सकाळपर्यंत देऊ शकतात, त्यापुढे त्याला तसं ठेवणं म्हणजे छळ आहे. काल त्यांनी झोपवण्याचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि मी पेन उघडलं. शपथ सांगते, माझं नाव अर्धं लिहूनही झालं होतं. मनात सगळं जुळवलं होतं, की अंगणातच पुरू, वर एखादं रोप लावू, तू येशील तेव्हा सगळं झालेलं असेल, तुला काही बघावं लागणार नाही, तो झोपेतच गेला म्हणून सांगू. आणि मग मला माझीच भीती वाटली. मी लिहिलेलं खोडलं आणि डॉक्टरांना म्हटलं, कुत्रा माझा नाही. ऑपरेशन की निरोप, हे मला ठरवायचं नाही, आणि तुझ्या वतीने तर मुळीच नाही. तू उद्या सकाळच्या गाडीत बसलीस तर उद्याच, शुक्रवारी दुपारी, घरी पोचशील. तू काय ठरवशील ते ठरव, मी शेजारी उभी राहीन किंवा म्हणशील तर बाहेर जाऊन बसेन. तो तुझी वाट बघतोय असं मी म्हणणार नाही, त्याच्या मनातलं मला काय कळतंय! पण त्याला हात लावायचा असेल, त्याच्याशी बोलायचं असेल, तर अजून दीड दिवस आहे. ये, ताई.

तुझीच,
धाकटी