पैनगंगेवरचे बावटे

कळमनुरी तालुका,
१४ नोव्हेंबर १९४८

प्रिय गोपी,

टपाल पुन्हा सुरू झालं आणि रंगूनहून पाठवलेलं तुझं पत्र पोचलं. ब्रह्मदेशाच्या नौदलाला तू आणखी तीन वर्षं हवा आहेस, हे वाचून बरं वाटलं. जुन्या बोटींवर तू नवी यंत्रं बसवलीस. निरोपही आता बावट्यांऐवजी रेडिओवरून जातात. सुरुवातीला तिथले अधिकारी तुझं ऐकून घेत आणि जुनंच करत. मग तू सांगणं सोडलंस आणि त्यांच्याबरोबर बोटीवर राहायला गेलास. आता ते तुला न विचारता समुद्रात जातात. परक्या नौदलाच्या सल्लागाराला याहून काय हवं, असं तू लिहिलंस. मला ते आवडलं.

तिथे तू बावटे बाजूला ठेवलेस. इथे ते कामाला आले. मुंबईच्या प्रशिक्षण जहाजावरून पहिल्या सुटीत आलास तेव्हा मला आणि तुझ्या दोस्ताला, जमीलला, बावट्यांच्या खुणा शिकवल्या होत्यास. मी घाटावर, तो नाव घेऊन पैलतीरावर. 'ये', 'थांब', 'कधी', आणि आपल्या तिघांची एकेक खूण. आई म्हणायची, पोरगी माशा हाकलून राहिली. यंदाच्या पावसाळ्यात रझाकारांच्या भीतीनं लोक नदी ओलांडून वऱ्हाडात जात होते. जमीलच त्यांना नेत होता. पुराच्या आवाजात हाक पोचत नसे, आणि हाक मारणं धोक्याचंही होतं. वाट मोकळी असली की मी धुणं झटकल्यासारखी दोन फडकी हलवायची. 'ये.' तो यायचा. नावेत कोण बसणार, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

सप्टेंबरात हिंदी फौज आली, निजामाचं राज्य गेलं. त्याच आठवड्यात आपल्या गावातल्या काहींनी जमीलचं दार फोडलं. त्यांतल्या दोघांना त्यानंच पार नेलं होतं. त्याच नावेतून तो बायकोला, अमीरबीला घेऊन पलीकडे गेला. मी घाटावर धावले. तो म्हणाला, "काहून रडून राहिल्या, पारुआक्का? पाणी उतरू द्या, मंग बघू."

पाणी उतरलं. आता नदी गुडघाभर आहे, नाव लागत नाही. सोनाजी सुतारानं जमीलच्या घराला नवं दार बसवलं. त्याला आता कुणी हात लावणार नाही, असा किसनराव पाटलांनी चावडीवर शब्द दिला. तो सांगायला मी चालत पलीकडे गेले. जमीलनं चहा दिला, मान हलवली. अमीरबी म्हणाली, "आक्का, शब्द तर आधीबी होता." मी परत आले.

तेव्हापासून संध्याकाळी तो पलीकडे पाण्याशी येऊन उभा राहतो. हाक आता सहज पोचते, पण आम्ही हाक मारत नाही. मी फडकी हलवते, 'ये'. तो रोज एकच उत्तर देतो. आधी तुझी खूण, मग 'कधी'.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. महिनाभर ये. आपल्या घरी नको, गावातल्या त्याच्या घरात त्याच्याबरोबर राहा, त्या बोटींवर राहिलास तसा. कधी येतोस ते कळव. तोवर मी त्याला 'थांब' दाखवते आहे.

तुझीच,
पारुआक्का