वरच्या गटातली भार्गवी

ओट्टपालम,
२४ जुलै १९९१

ती. चेचीस प्रसन्नाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, धाकट्या बहिणीवर रागावू नकोस. हेडमास्तरांनी नववीच्या मुलांचं वाचन तपासून तीन गट पाडायचं काम माझ्या गळ्यात मारलंय. मिसरूड फुटलेले बाप्ये दुसरीच्या पुस्तकात अडखळतात. हसावं की रडावं कळत नाही. एक भार्गवी तेवढी हिरा निघाली. कर्कडक महिना लागल्यापासून रोज संध्याकाळी दिव्यापुढे रामायणाची पोथी वाचते, सारी आळी ऐकायला जमते. मीही जाऊन बसले, थेट आपली अम्मा आठवली. शाळेत धडाही घडाघडा म्हणाली. तिला नर्स व्हायचंय. मी डोळे मिटून वरच्या गटात घातलं.

आठवण ठेव, रागव, पण पत्र पाठव.

तुझी,
प्रसन्ना


तृश्शूर,
२९ जुलै

चि. प्रसन्नास अनेक आशीर्वाद.

डोळे मिटून घातलंस तेच चुकलं, टीचरबाई. तिला कधी न ऐकलेलं काहीतरी वाचायला दे. का ते सांगते; अम्मा गेली, तेव्हा तिने मला घातलेली शपथही सुटली. आपल्या अम्माला अक्षर येत नव्हतं. पोथी ऐकून ऐकून तोंडपाठ, पानं मात्र अचूक उलटायची. मद्रासहून अच्छनचं पत्र आलं की तिचे डोळे दुखायचे आणि मी वाचून दाखवायचे. आपल्या बायकोला वाचता येत नाही, याचा अच्छनना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. तिचा तो आवाज अजून कानात आहे गं.

भार्गवीचंही तसंच असेल, तर दहावीच्या पेपरापुढे बिचारीचं सगळं संपेल. चारचौघांत मात्र विचारू नकोस. जपून राहा.

तुझी चेची


ओट्टपालम,
९ ऑगस्ट

ती. चेचीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून कशात लक्ष लागेना. भार्गवीला एकटीला बोलावून वर्तमानपत्र दिलं. तिला एक ओळही वाचता येईना. मग म्हणाली, खालच्या गटात घातलंत तर मी शाळेत येणार नाही, आळीला काय तोंड दाखवू. हेडमास्तरांना मी खरं ते सांगितलं. तिला वरच्या गटातच ठेवून शिकवायला त्यांनी कुरकुरत ओणमच्या सणापर्यंत मुदत दिली.

आता शाळा सुटली की आम्ही दोघी पोथीच घेऊन बसतो. शब्द तिला येतातच. मी नुसतं तिचं बोट धरून एकेका शब्दाखाली ठेवते. काल म्हणता म्हणता बोट थांबलं. तिने पान डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा पाहिलं आणि हळूच म्हणाली, "टीचर, हे इथे खरंच लिहिलंय."

मला रडू आवरेना. अम्माचं बोट धरायला कुणीच नव्हतं गं, चेची.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
प्रसन्ना