अळणी सूप आणि तक्रारीची खिडकी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (पोट उतरल्यामुळे साष्टांग आता खरोखर घालता येतो, पूर्वी पाच-सहा अंगांवरच भागवत होतो.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचं घोरणं कमी झालं का? आणि तुझ्याकडे आलेली पाहुणी बरी आहे ना? बायका रुसून माहेरी जातात हे ऐकून होतो. माझी मात्र नणंदेकडे जाऊन बसली. आता मी दाद मागायची तरी कोणाकडे?

तुम्हा दोघींचं शास्त्र असं, की माणसाचा स्वभाव पोटात शिजतो. चिडचिड झाली की साखर बंद करा, उदास वाटलं की अक्रोड द्या, दोन्ही एकदम झालं की जवस. त्यापायीच तिने ते भोपळ्याचं अळणी सूप केलं, आणि मी म्हणालो, यापेक्षा ऑफिसातलं बाक चावलेलं बरं. (बोललो ते चूकच, पण तू ते सूप चाखलेलं नाहीस.) त्यावर ती म्हणाली, "चिडका नवरा चालवून घेतला असता. चिडका आणि वर उपाशी मला झेपत नाही," आणि बॅग भरली. स्वभाव सुधारल्याचं तू सांगितलंस तरच परत येणार, अशी अट आहे म्हणे. मग सांग तिला, सुधारला! पंधरवडाभर मी स्वतःच्या हाताने भोपळा शिजवतोय, बिया चघळतोय, बिनसाखरेचा चहा पितोय. मन इतकं शांत आहे, की त्यापायी नोकरीवर गदा यायची वेळ आली.

तुला माहीतच आहे, पाणीपुरवठ्याच्या तक्रारखिडकीवर मला बसवलं ते माझ्या कपाळावरच्या आठ्या बघून. त्या बघूनच निम्मी रांग जिन्यावरून परत जायची. परवा एक आजी आल्या, नळ गळतो म्हणून. मी चक्क म्हणालो, बसा ना आजी. झालं! नळावरून गोष्ट सुनेवर गेली, सुनेवरून गुडघ्यांवर (तुझा लेप सांगितला), आणि रांग पार खाली फाटकापर्यंत. साहेब धावत आले. मी हसतोय हे बघून त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "अहो, तुमच्या आठ्यांवर हे खातं चालतं!" आणि मी साखर सोडलीय म्हणताच स्वतःच्या खिशातून माझ्यासाठी क्रीमच्या दोन पेस्ट्र्या मागवल्या, मूळ स्वभाव परत यावा म्हणून. आलाही. मी एका प्लंबरवर असा खेकसलो, की पंख्यानेही दचकावं. पण तो जिना उतरायच्या आत मीच मागे पळत गेलो आणि माफी मागितली. बिचारा घाबरला. मला पाणी पाजलं, घरी फोन लावू का विचारलं. मी नंबर दिला नाही. उचलणार कोण?

असो. आहाराचा गुण तुझ्या ध्यानात आला असेलच. भावजींना नमस्कार.

तुझा,
आता अजिबात न चिडणारा भाऊ

ता. क. हे पत्र तुझ्या भावजयीला मुळीच दाखवू नकोस. तिच्या चष्म्याशेजारी राहून गेलं आणि तिने आपणहून वाचलं, तर माझा नाइलाज आहे.

ता. क. दुसरा. भोपळ्याचं आणि बियांचं खोटं आहे गं. ती गेल्यापासून मी बिस्किटांवर आहे. आजींना "बसा" म्हणालो, ते सुधारलो म्हणून नाही. मला घरी जायची घाई नव्हती.

ता. क. तिसरा. (हा तुझ्यासाठी नाही, ताई, चष्मा लावून वाचणारीसाठी आहे.) आज भोपळा आणून ठेवलाय. ये. अळणीच कर. मी मीठ मागणार नाही. पहिले आठ दिवस तरी.